चाकांवरील घर आणि रिती बॅटरी

प्रवासाची हौस आपल्या समाजांत नवी नाहीं. काशीयात्रा, पंढरीची वारी, कोंकणांतील कुलदेवतेचें दर्शन अशा निमित्तांनीं आपलीं वडीलधारीं माणसें घराबाहेर पडत, आणि पडतांना अर्धें घर बरोबर बांधून घेत. वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा, सुंठ-वेखंडाचा बटवा, आणि देवांची लहानशी संपुष्टी एवढें घेतल्यावांचून आजीचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. पूर्वी हें अर्धें घर बैलगाडींत बसत असे. आतां सबंध घरच मोटारीच्या मागें जोडून नेतां येतें, एवढाच काय तो फरक झाला आहे. अशा चाकांवरील घरास ट्रेलर किंवा कॅरव्हॅन म्हणतात. त्यांत निजावयास फळ्या, स्वैपाकास ओटा, पाण्याची टांकी, दिवे, पंखा आणि लहानसें शीतकपाट इतकी सोय असते. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन-पर्यटनाचें स्वतंत्र धोरण स्वीकारलें, आणि तेव्हांपासून हा शब्द आपल्याकडील मध्यमवर्गीय कुटुंबांच्या बोलण्यांतहि येऊं लागला आहे.

या घरांतील दिवे, पंखा व शीतकपाट ज्या एका पेटीवर चालतात त्या पेटीविषयीं आज आम्ही लिहिणार आहों. ही पेटी बहुधा निजण्याच्या फळीखालीं असते. ती भरलेली असते तोंवर कोणी तिची आठवण काढीत नाहीं. ती रिती झाली म्हणजे मात्र घरांतील प्रत्येकजण तिच्यावर एकेक उपाय सुचवूं लागतो, आणि त्यांतील निम्मे उपाय घातक असतात.

देहूरोडचा धडा

हा विषय मनांत येण्यास देहूरोडइतकें योग्य ठिकाण दुसरें सांपडणार नाहीं. मुंबईहून येणारा द्रुतगति महामार्ग येथून जवळच किवळें येथें संपतो. कात्रजकडून येणारा बाह्यवळण रस्ता येथेंच मिळतो. जुना मुंबई-पुणें रस्ता तर बाजारपेठेंतूनच जातो. पवनेच्या कांठीं जाणारा, लोणावळ्याचा घाट चढणारा, तुकोबांच्या देहूस वळणारा आणि २५ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्तें स्थापन झालेल्या बुद्धमूर्तीच्या दर्शनास येणारा, असे नाना प्रकारचे प्रवासी या एका गांवीं एकत्र येतात. घाट उतरून आलेली ओढगाडी उभी करावी आणि पुढचा विचार करावा, असें हें नाक्याचें स्थळ आहे.

परंतु देहूरोडची खरी ओळख निराळी आहे. येथें लष्कराचें दारूगोळ्याचें मोठें कोठार आहे, आणि १९८४ सालीं स्थापन झालेला शस्त्रसामग्रीचा कारखानाहि आहे. कोठाराच्या सीमेपासून २००० यार्डांच्या पट्ट्यांत बांधकामास बंदी आहे. हा पट्टा लोकांच्या तोंडीं रेड झोन या नांवानें प्रसिद्ध आहे, आणि निगडी, तळवडे, चिखली या भागांतील कित्येक कुटुंबांच्या घरांचे प्रश्न त्यापायीं वर्षानुवर्षें अडून राहिले आहेत. ती अडचण खरी आहे व तिची चर्चा येथें करावयाची नाहीं. पण त्या पट्ट्यामागील तत्त्व मात्र प्रत्येक गृहस्थानें ध्यानांत घेण्यासारखें आहे. जेथें पुष्कळ शक्ति थोड्या जागेंत कोंडून ठेवली आहे, तेथें माणसाच्या अंथरुणापासून अंतर राखावें, हें तें तत्त्व होय.

आतां आपल्या पेटीचा हिशेब पाहूं. ट्रेलरमध्यें सामान्यतः १२.८ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी असते. या दोन आंकड्यांचा गुणाकार १२८० वॉट-तास, म्हणजे विजेच्या मीटरावरील सुमारें सव्वा युनिट होतो. एवढी शक्ति सव्वाशे ग्रॅम साजूक तुपांत असते, आणि एक किलोहून थोड्या अधिक टी. एन. टी. या स्फोटकांतहि असते. तूप खाल्लें तर दिवसभर हळूहळू अंगीं लागतें. स्फोटक क्षणार्धांत सर्व ओकून टाकतें. प्रमाण तेंच, वेग निराळा. बॅटरी नीट असेल तर तुपासारखी वागते. ती स्फोटकासारखी कधींच वागत नाहीं. पण आंतून बिघडलेली असेल तर मिनिटांत तापते, धूर ओकते व पेट घेते. २०२२ च्या मार्चमध्यें पुण्याच्या लोहगांव भागांत रस्त्याकडेला उभी असलेली एक विजेची स्कूटर अशीच पेटली होती. त्या सुमारास देशांत घडलेल्या अशा अपघातांनंतर केंद्र सरकारनें चौकशी करविली व वाहनांतील बॅटऱ्यांच्या कसोट्या अधिक कडक केल्या.

कोठारापासून २००० यार्ड दूर राहणारे आपण लोक ही पेटी मात्र मुलांच्या अंथरुणाखालीं ठेवतों. तेव्हां तिच्या स्वभावाची माहिती असणें हें आपलें कर्तव्य ठरतें.

ही बॅटरी आहे तरी कशी

शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं तयार केली. लिथियमच्या बॅटरीचा इतिहास त्या मानानें अगदीं अलीकडचा आहे. एक्सॉन कंपनींत संशोधन करीत असतां स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनीं १९७० च्या दशकांत पाया घातला. जॉन गुडइनफ यांनीं १९८० सालीं त्यावर कोबाल्टचा मजला चढविला. अकिरा योशिनो यांनीं १९८५ सालीं तिला सुरक्षित रूप दिलें. आणि १९९१ मध्यें सोनी कंपनीनें ती बाजारांत आणली. या तिघांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या वेळीं गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतक्या वयांत हें पारितोषिक दुसऱ्या कोणासहि मिळालेलें नाहीं.

ट्रेलरमध्यें वापरतात ती जात याहूनहि थोडी निराळी आहे. तिच्यांत कोबाल्टऐवजीं लोह व फॉस्फेट यांचा संयोग असतो. ती १९९७ सालीं गुडइनफ यांच्याच टेक्सास विद्यापीठांतील प्रयोगशाळेंतून प्रसिद्ध झाली, आणि त्या निबंधावर गुडइनफ यांच्या नांवाआधीं ए. के. पाधी व के. एस. नंजुंडस्वामी हीं दोन भारतीय नांवें आहेत. लोह-फॉस्फेटाचा मोठा गुण हा कीं, तापलें तरी त्यांतील प्राणवायु सहजासहजीं सुटत नाहीं. म्हणून ही जात कोबाल्टच्या जातीपेक्षां पुष्कळ शांत आहे. शांत म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हें मात्र विसरूं नये.

पेटींत चार घट एकापुढें एक जोडलेले असतात. प्रत्येक घट ३.२ व्होल्टचा, म्हणून एकंदर १२.८ व्होल्ट. पेटी चार्ज करितांना लिथियमचे भारित कण लोह-फॉस्फेटाच्या थरांतून निघून समोरच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. वीज वापरतांना ते परत येतात. वारकऱ्यांनीं देहूहून पंढरीस जावें व परत यावें तसाच हा प्रकार आहे. मार्ग नीट असेल तर अशा हजारों फेऱ्या होतात. शिशाच्या बॅटरीच्या मानानें हिचें वजनहि निम्म्याहून कमी असतें.

चार घटांबरोबर पेटींत एक लहानशी विद्युत्-पाटी असते. तिला बी. एम. एस. म्हणतात, आपण तिला द्वारपाल म्हणूं. एखादा घट सुमारें ३.६५ व्होल्टच्या वर जाऊं लागला कीं हा द्वारपाल चार्जिंग बंद करतो, आणि २.५ व्होल्टच्या खालीं उतरूं लागला कीं वापर बंद करतो. उष्णता मर्यादेबाहेर गेली तरी तो दार लावून घेतो. पुढें सांगितलेल्या सर्व गोष्टी या द्वारपालाच्या वागणुकीवर अवलंबून आहेत.

बॅटरी रिती कशी होते

एक उदाहरण घेऊं. समजा, प्राधिकरणांत राहणारें एक कुटुंब आहे. आजीचें वय ७६. आजवर तीन वाऱ्या पायीं झाल्या; आतां गुडघे चालूं देत नाहींत. मधुमेहामुळें रोज इन्सुलिन टोंचावें लागतें. यंदा तुकोबांच्या पालखीमागून गाडीनें तरी जावें, असें तिच्या मनानें घेतलें आहे, आणि मुलगा व सूनबाई यांनीं ट्रेलर घेऊन तिला नेण्याचें कबूल केलें आहे. माघांत कोंकणची सहल आटोपून ट्रेलर देहूरोडच्या एका मोकळ्या आवारांत उभा केला होता. ज्येष्ठांत ताडपत्री काढून बटण दाबलें, तर दिवा लागेना. मीटर लावून पाहिलें, तर कांटा शून्यावर!

सर्व दिवे मालवले होते, मग वीज गेली कोठें? उत्तर सोपें आहे. गॅस-गळतीची सूचना देणारें यंत्र, रेडिओंतील घड्याळ, असे लहानसहान खादाड सर्व मिळून एक दशांश अँपिअर घेत असले, तरी दिवसाला २.४ अँपिअर-तास होतात. १०० अँपिअर-तासांची पेटी त्या हिशेबानें ४२ दिवसांत रिती होते. येथें तर चार महिने गेले आहेत. द्वारपालानें दार लावल्यावर हे बाहेरचे खादाड थांबतात. पण द्वारपालाला स्वतःलाहि जागें राहण्यास थोडी वीज लागते, ती तो घटांतूनच घेतो. म्हणून दार लागल्यापासून जितके दिवस अधिक, तितका धोका अधिक.

ट्रेलर उभा करितांना मुख्य खटका उघडला असता, म्हणजे बॅटरीची जोडणीच तोडली असती, तर यांतील कांहींच घडलें नसतें. वापर नसेल तेव्हां बॅटरी निम्म्याच्या आसपास भरून, जोडणी तोडून, सावलींत ठेवावी व दोन-तीन महिन्यांनीं एकदां पाहावी, एवढाच काय तो नियम आहे.

शून्य म्हणजे मरण नव्हे

मीटरवर शून्य दिसलें कीं पुष्कळ लोक बॅटरी मेली असें समजतात. शिशाच्या बॅटरीच्या बाबतींत तो समज बहुतेक खरा ठरतो. लिथियमच्या बाबतींत मात्र शून्याचा अर्थ इतकाच कीं द्वारपालानें दार लावलें आहे. आंत घट अडीच व्होल्टवर सुखरूप असूं शकतात, किंवा त्याहून पुष्कळ खालींहि उतरलेले असूं शकतात. दार बंद असतां बाहेरून हा भेद कळत नाहीं. कांहीं पेट्यांतील द्वारपाल बिनतारी संदेशानें प्रत्येक घटाचें व्होल्टमान मोबाइलवर दाखवितो. तशी सोय असेल आणि तो जागा असेल तर काम सोपें होतें.

येथें दुसरी एक गंमत घडते. नव्या धर्तीचा शहाणा चार्जर जोडण्यापूर्वी समोर बॅटरी आहे कीं नाहीं हें पाहतो. त्याला शून्य व्होल्ट दिसतात, म्हणून तो काम सुरूच करीत नाहीं. द्वारपाल म्हणतो, चार्जरनें आधीं वीज पाठवावी मग दार उघडूं; चार्जर म्हणतो, आधीं दार उघडलेलें दिसूं द्या मग वीज पाठवूं. दोघेहि आपापल्या परीनें बरोबर, आणि आजीची गाडी जागच्या जागीं! यावर उपाय म्हणजे लिथियमसाठीं बनविलेला, झोपलेली बॅटरी जागी करण्याची सोय असलेला चार्जर वापरणें. तो प्रथम अगदीं थोडी वीज पाठवून दार ठोठावतो. सूर्यविजेच्या कांहीं नियंत्रकांतहि ही सोय असते. दुसरी भरलेली बॅटरी तारांनीं समोरासमोर जोडून दार उघडण्याची युक्ति कांहीं कारागीर करितात. ती साधते, परंतु भरल्या बॅटरीतून रित्या बॅटरींत एकाएकीं फार मोठा प्रवाह वाहूं शकतो, आणि तारा तापून लाल होण्यास वेळ लागत नाहीं. घरगुती मंडळींनीं ती करूं नये.

लंघनानंतरची पेज

दार उघडल्यावर भराभर भरावें असा मोह होतो. तो मोह आवरणें हेंच या सर्व प्रकरणाचें सार आहे. आपल्या आयुर्वेदांत शोधनानंतर संसर्जनक्रम सांगितला आहे. आधीं पेया, मग विलेपी, मग मऊ भात, आणि अग्नि प्रदीप्त झाल्यावर नेहमींचें जेवण. लंघनानें क्षीण झालेल्या माणसाच्या पानांत कोणतीहि शहाणी गृहिणी पहिल्याच दिवशीं पुरणपोळी वाढीत नाहीं. रित्या घटाचेंहि तसेंच आहे.

यांतील शास्त्र असें. ग्रॅफाइटचा थर तांब्याच्या पातळ पत्र्यावर लेपलेला असतो. घट फारच खालीं उतरला, तर हें तांबें विरघळूं लागतें. पुढें घट भरतांना तें तांबें भलत्याच जागीं सुईसारखें जमतें, आणि दोन थरांमधील पडदा भेदून आंतल्या आंत जोडणी करूं शकतें. असा घट त्या दिवशीं बरा वाटतो, दिवे लागतात, पंखा फिरतो. आणि पुढें केव्हां तरी, कदाचित् मध्यरात्रीं, तापूं लागतो. मरगळलेली बॅटरी चालू होते कीं नाहीं हा प्रश्न त्यामानानें सोपा आहे. चालू झालेल्या बॅटरीवर मुलांना निजवावें कीं नाहीं हा खरा प्रश्न आहे.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम सर्व जोडण्या तोडाव्या आणि पेटी डोळ्यांनीं, हातानें व नाकानें तपासावी. ती फुगलेली दिसली, विनाकारण कोमट लागली, किंवा नखें रंगविण्याच्या लेपासारखा गोडसर वास आला, तर तेथेंच थांबावें. तिला चार्जर लावूं नये. तसें नसेल तर पेटी ट्रेलरबाहेर काढून सावलींत, फरशीवर, लांकूड-कापडापासून दूर ठेवावी. पहिलें भरणें दिवसाउजेडीं करावें, आणि घरांतील एकानें जवळपास राहावें. रात्रीं लावून निजूं नये.

दार उघडल्यावर प्रथम पांच अँपिअरच्या आंतच प्रवाह द्यावा. घट अडीच-पावणेतीन व्होल्टपर्यंत, म्हणजे पेटी साधारण ११ व्होल्टपर्यंत, आपण होऊन चढली पाहिजे. ही पेयेची पायरी होय. तासाभरांत व्होल्टमान चढेनासें झालें, किंवा पेटी हाताला गरम लागूं लागली, तर ती उत्पादकाच्या दुरुस्तीगृहीं न्यावी. घट दोन व्होल्टच्या बरेच खालीं पुष्कळ दिवस राहिले होते असें कळलें, तर चढलेल्या व्होल्टमानावरहि विश्वास ठेवूं नये. सर्व ठीक असेल तर पुढें २० अँपिअरचा प्रवाह चालतो. चार्जरचें शिखर १४.२ ते १४.६ व्होल्टच्या दरम्यान असावें. शिशाच्या बॅटरीसाठीं कांहीं चार्जरांत साडेपंधरा व्होल्टपर्यंत झटके देण्याची सोय असते. ती लिथियमला मुळींच लावूं नये. बॅटरी गोठणबिंदूच्या खालीं व ४५ अंशांच्या वर कधींहि चार्ज करूं नये. गोठणबिंदूच्या खालीं लिथियमचे कण ग्रॅफाइटांत न शिरतां त्यावर धातूच्या रूपानें सांचतात. मावळांत तो प्रश्न नाहीं. परंतु हिवाळ्यांत हिमाचलाकडे जाणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें. आपल्याकडे वैशाखांतील बंद ट्रेलरची उष्णता हाच मोठा शत्रु आहे.

शिखर गांठल्यावर लगेच चार्जर काढूं नये. चारहि घट सारखे भरलेले नसतात. मागें राहिलेल्यास पुढच्यांच्या बरोबरीनें आणण्याचें काम द्वारपाल शिखराजवळच करतो. त्याला तासभर अवधि द्यावा. मग जोडणी तोडून पेटी एक दिवस स्वस्थ ठेवावी व पुन्हां मोजावी. १३.३ व्होल्टच्या आसपास ती स्थिर राहिली, तर तब्येत चांगली. रात्रींतून ती उतरली, किंवा एखादा घट इतर तिघांपेक्षां मागें पडला, तर आंतून गळती आहे असें समजावें.

एक सूचना येथेंच द्यावीशी वाटते. या बॅटरीचें व्होल्टमान भरलेपणाविषयीं फारसें कांहीं सांगत नाहीं. शेंकडा ३० पासून ९० पर्यंत तें जेमतेम दोन दशांश व्होल्टनें बदलतें. लोणच्याची बरणी बाहेरून पाहून फोडी किती उरल्या हें जसें कळत नाहीं, तसेंच हें. येणाऱ्या-जाणाऱ्या विजेची मोजदाद ठेवणारा मीटर बसविणें हाच खरा उपाय.

वीज आणावी कोठून

बॅटरी बरी निघाली असें धरूं. आतां वारींत ती रोज भरावयाची कशी? आधीं खर्च मांडूं. लहान शीतकपाट दिवसाला सुमारें ४३० वॉट-तास घेतें. पंखा दहा तास चालला तर २००. चार दिवे मिळून ८०. मोबाइल वगैरे ७५. एकूण ७८५. म्हणजे भरलेली पेटी दीड दिवसाहून थोडी अधिक पुरेल.

जमेची बाजू अशी. पालखीचा वेग पायीं चालणाऱ्यांचा. गाडीचें इंजिन दिवसांतून तासभर चाललें तरी खूप. मोटारीच्या अल्टरनेटरला लिथियम बॅटरी थेट जोडूं नये. तिचा आंतरिक विरोध इतका थोडा असतो कीं ती अल्टरनेटरकडून वाजवीपेक्षां अधिक प्रवाह ओढते, आणि तो तापून जळूं शकतो. मध्यें प्रवाह आवरणारा, एका बॅटरीवरून दुसरी भरणारा चार्जर बसवावा. तो २० अँपिअरचा असेल तर तासाला २५० वॉट-तास पदरीं पडतात. देहूरोडहून लोणावळ्यास जातां जातां एक पंचमांश पेटी भरते, असा हा हिशेब आहे. छपरावर २०० वॉटचा सूर्यपट असेल, तर चैत्रांत तो दिवसाला ८०० वॉट-तास सहज देईल; परंतु आषाढाच्या ढगांत २०० मिळाले तरी पुष्कळ. दोन्ही मिळून ४५०. खर्च ७८५, जमा ४५०. रोजची तूट ३३५. तेव्हां देहूहून भरून निघालेली पेटी चौथ्या दिवशीं तळाशीं जाईल.

असा हिशेब आधीं मांडला म्हणजे वाट दिसते. पालखीचा देहूनंतरचा मुक्काम आकुर्डीस आणि त्यापुढचा पुण्यास असतो. पुण्याच्या मुक्कामांत एखाद्या नातेवाइकाच्या अंगणांत घरच्या विजेवर पेटी भरून घ्यावी. २० अँपिअरचा चार्जर पांच तासांत काम करतो, त्याला सव्वातीनशे ते साडेतीनशे वॉट लागतात, आणि मीटरवर दीड युनिट पडतें. एका इस्त्रीहूनहि हा भार हलका, त्यामुळें कोणाच्या घरचा फ्यूज जाण्याची भीति नाहीं. पुढें लोणी काळभोर, यवत या वाटेवर पुन्हां तीन-चार दिवसांनीं अशीच सोय पाहावी. नाहींतर शीतकपाट रात्रीं बंद ठेवून, आंत बर्फाच्या पिशव्या घालून, खर्च निम्म्यावर आणावा. दिंड्यांच्या ट्रकांबरोबर असलेल्या जनित्रावर पांच तास जागा मागितली, तर माउली म्हणून कोणी नाहीं म्हणेल असें वाटत नाहीं.

आजीच्या इन्सुलिनविषयीं दोन शब्द. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत, आणि गोठतां कामा नयेत. वापरांत असलेली कुपी बहुधा कांहीं आठवडे साध्या सावलीच्या हवेंत चालते. मुदत कुपीवरील पत्रकांत पाहावी व डॉक्टरांस विचारावी. ओल्या फडक्यांत गुंडाळलेलें मातीचें मडकें हा जुना उपाय आजहि टाकाऊ नाहीं. जीविताशीं संबंध असलेली वस्तु एकट्या बॅटरीच्या भरंवशावर ठेवूं नये.

सोडून देण्याची वेळ

आणि बॅटरी बरी निघाली नाहीं तर? येथें गृहस्थाची खरी परीक्षा होते. नवी पेटी स्वस्त नाहीं. जुनी जेमतेम दोन वर्षांची. वारी आठ दिवसांवर आलेली. आजीनें तुळशीमाळ काढून ठेवलेली. अशा वेळीं कोणी तरी सांगतोच कीं, द्वारपालाची पाटी काढून टाका, घटांना थेट चार्जर लावा, चालू होतें. चालू होतेंहि. परंतु द्वारपाल काढून टाकणें म्हणजे कोठाराची कुंपणभिंत पाडून आंत चूल मांडण्यासारखें आहे. खर्चाच्या बाबतींत काटकसर हा आपल्या घरांचा गुण आहे, आणि तो राहावा; पण बॅटरीची किंमत व त्या फळीवर निजणाऱ्यांची किंमत एका तराजूंत घालूं नये. पेटी तापून धूर येऊं लागला, तर सामान वांचविण्याच्या भरीस न पडतां सर्वांनीं बाहेर पडावें, दूर व्हावें आणि अग्निशामक दलास बोलवावें. तो धूर विषारी असतो. ट्रेलरमधील गॅसच्या टाकीची जागा बॅटरीपासून वेगळी असावी, हेंहि सांगावयास नको.

टाकाऊ पेटी रद्दी-भंगारवाल्यास देऊं नये. तो ती हातोडीनें फोडतो, आणि आपण टाळलेलें संकट त्याच्या झोपडींत जातें. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांप्रमाणें वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. तिचा उपयोग करून घ्यावा. नेतांना दोन्ही टोंकांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे वाटेंत ठिणगी उडणार नाहीं.

राहतां राहिली आजी. तिला पंढरीस नेण्यास बॅटरी अवश्य नाहीं. दिवे मेणबत्तीचे नकोत, पण हातांतील साध्या विजेऱ्या चालतील. पंखा विणलेला चालेल. इन्सुलिनला मडकें किंवा वाटेवरील औषधाच्या दुकानांतील शीतकपाट आहे. आपल्या सासूबाई-आजेसासूबाईंनीं ज्या वाटा तुडविल्या त्या याहून कितीतरी कमी सामग्रीवर. यंदा ट्रेलरमधील फळीखालची जागा रिकामी ठेवून जावें, आणि दिवाळीनंतर सवडीनें चांगली पेटी घ्यावी. ती घेतल्यावर गाडी उभी करितांना मुख्य खटका उघडण्याचें काम घरांतील एकाच माणसाकडे नेमून द्यावें. सर्वांचें काम तें कोणाचेंच काम नसतें, हा अनुभव माजघरांत आहे तसाच ट्रेलरमध्येंहि येतो.